नोकऱ्या गेल्या, तरी घरं स्वस्त का होत नाहीत?

नोकरकपातीच्या बातम्या सुरू झाल्या की बरेच जण मनातल्या मनात एक गणित मांडतात. लोकांच्या नोकऱ्या गेल्या म्हणजे हप्ते थकणार, हप्ते थकले म्हणजे घरं विक्रीला येणार, विक्रीला आली म्हणजे भाव उतरणार. तेव्हा घर घ्यायचं असेल तर थोडं थांबावं. मग सहा महिने जातात, वर्ष जातं, भाव होते तिथेच असतात. त्यावर लगेच दुसरं टोक गाठलं जातं: मंदीबिंदी काही नाही, सगळा बातम्यांचा खेळ. प्रत्यक्षात तोवर मंदी कितीतरी घरांत शिरलेली असते. आपलं लक्ष भावाकडे असतं, आणि घरांच्या बाजारात भाव सगळ्यात शेवटी हलतो.

सगळ्यात आधी थांबतात ते सौदे. शेअरचा भाव पडला की तो त्याच क्षणी स्क्रीनवर दिसतो, कारण कुणीतरी पडलेल्या भावाला शेअर विकलेला असतो. घराचा मालक पडलेल्या भावाला विकायलाच तयार नसतो. ज्या किमतीला घेतलं त्याच्या खाली जायचं नाही, ही गाठ मनात पक्की असते. १९९० च्या दशकात बॉस्टनमध्ये फ्लॅटचे भाव पडले, तेव्हाच्या विक्रीच्या नोंदी अर्थतज्ज्ञांनी नंतर तपासल्या. तेजीत महाग घेतलेले मालक इतरांपेक्षा जास्त किंमत लावून बसले होते आणि त्यांचे फ्लॅट जास्त काळ तसेच पडून होते. तुम्ही घर कितीला घेतलं होतं याच्याशी गिऱ्हाइकाला काहीच देणंघेणं नसतं, पण हे मालकाला पटायला वेळ लागतो.

गिऱ्हाईकही थबकलेलं असतं. ज्याची नोकरी शाबूत आहे तोही वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेताना दहा वेळा विचार करतो, कारण शेजारच्या टेबलावरचा माणूस गेल्या महिन्यात घरी बसलाय. विकणारा उतरत नाही, घेणारा चढत नाही. म्हणून 'भाव स्थिर आहेत' हे वाक्य कुठे वाचलं तर त्याच काळात किती घरं विकली गेली हा आकडा शोधावा. भाव स्थिर आणि विक्री निम्म्यावर, तर तो भाव नुसता कागदावरचा. बिल्डरही दरपत्रकावरचा दर सहसा उतरवत नाहीत, कारण तो उतरवला तर आधी घेतलेले लोक दारात येऊन उभे राहतात. मग पार्किंग फुकट, नोंदणीचा खर्च आमचा, काही महिन्यांचं व्याज आम्ही भरू, अशी सूट आतून दिली जाते. दर तोच राहतो, घर मात्र स्वस्त झालेलं असतं.

एका घराचा हिशेब

बाहेर ही शांतता असताना आत काय चालतं, ते एका काल्पनिक कुटुंबाच्या हिशेबातून बघू. नवरा-बायको दोघं कमावतात. एकाचे ६० आणि दुसऱ्याचे ४०, महिन्याला १०० येतात. (रुपये म्हणा, डॉलर म्हणा, त्याने फरक पडत नाही.) घराचा हप्ता ३५. बाकी सगळा घरखर्च ५०, म्हणजे किराणा, शाळा, प्रवास, वीज, औषधं, विमा वगैरे. शिल्लक १५. हे चांगलं चाललेलं घर आहे. बँकेच्या दृष्टीनेही हप्ता उत्पन्नाच्या आटोक्यात आहे.

आता ६० वाल्याची नोकरी गेली. येणारे राहिले ४०. शिल्लक टाकणं बंद झालं, हॉटेल, कपडे, सहली गेल्या, घरखर्च ५० वरून ३५ वर आणला. याच्या खाली जाणं अवघड, कारण शाळेची फी आणि आईवडिलांची औषधं हप्त्यासारखीच ठरलेली असतात. तरी हप्ता धरून महिन्याला ७० लागतात आणि येतात ४०. दर महिन्याला ३० ची तूट. हाताशी १८० असतील तर ते सहा महिने पुरतात. नोकरी सोडताना कंपनीने काही दिलं असेल, तर त्याचे एखाद-दोन महिने आणखी.

या सहा महिन्यांत बाहेरून काहीही दिसत नाही. हप्ता वेळेवर जातो, बँकेच्या नोंदीत कर्ज निरोगी असतं. खर्चाला कात्री मात्र लागलेली असते, आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी लागते. विम्याचा हप्ता न भरल्याने त्या महिन्यात काहीच बिघडत नाही, म्हणून तो आधी थांबतो. कंपनीने दिलेला आरोग्य विमा नोकरीबरोबरच गेलेला असतो, त्यात घरचाही बंद पडतो. मग क्रेडिट कार्डावर किराणा यायला लागतो. निवृत्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडले जातात. घराचा हप्ता माणसं शेवटपर्यंत भरत राहतात, बाकीचं घर त्या हप्त्यासाठी पोखरलं जातं.

पैसे संपल्यावर हप्ता चुकतो. बँकांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, ज्यांना बासेल नियम म्हणतात, ९० दिवसांची थकबाकी ही सर्वसाधारण रेषा आहे. ती ओलांडली की कर्ज बुडीत धरलं जातं. त्यानंतर नोटिसा, ताबा, लिलाव. यात देशोदेशीच्या कायद्याप्रमाणे काही महिने जातात किंवा काही वर्षं. सहा महिने शिलकीचे, तीन थकबाकीचे आणि पुढे कायद्याचे, म्हणजे आज गेलेली नोकरी घरांच्या बाजारात दिसायला सहज दीड-दोन वर्षं लागतात. तोवर नोकरकपातीची बातमी शिळी झालेली असते आणि मंदी संपल्याची चर्चा सुरू असते.

दुसरी नोकरी मिळाली तर? बहुतेकांना मिळते. पण ती जुन्या पगाराची असेलच असं नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८० च्या दशकातल्या कपातीत एकाच कंपनीत बरीच वर्षं काढलेल्या ज्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या कमाईचा माग अर्थतज्ज्ञांनी काढला. नोकरी जाऊन सहा वर्षं झाल्यावरही त्यांचं उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी कमीच होतं. हेच प्रमाण आपल्या घराला लावलं तर ६० चे ४५ होतात आणि घर १०० वरून ८५ वर येतं. हप्ता ३५ आणि जुना घरखर्च ५०, बेरीज बरोबर ८५. कुटुंब सावरलं असंच सगळे म्हणणार. पण पूर्वी दरमहा बाजूला पडणारे १५ आता कधीच पडत नाहीत, आणि पुढचा धक्का रिकाम्या हाताने सोसावा लागतो.

दोन संकटं एकत्र आली की

हप्ता भरता येत नसेल तर घर विकून मोकळं का होऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. भाव टिकून असेल तर तो मार्ग खुलाही असतो. समजा, याच कुटुंबाने घर ५००० ला घेतलं होतं आणि कर्ज ४००० बाकी आहे. भाव १० टक्के उतरले तरी घर ४५०० ला जातं, कर्ज फिटतं, हाती थोडे पैसे राहतात. दुःख होतं, पण कुटुंब उघड्यावर पडत नाही. भाव २५ टक्के उतरले तर मात्र घर येतं ३७५० वर. विकलं तरी बँकेचे २५० अंगावरच. आता विकताही येत नाही आणि हप्ताही भरता येत नाही.

घरं जप्त होतात ती बहुतेक याच पेचात. नुसता भाव पडला आणि पगार चालू असेल, तर माणूस नाक मुरडत का होईना, हप्ता भरत राहतो. त्याला राहायला तेच घर हवं असतं. नुसती नोकरी गेली आणि भाव टिकून असेल, तर तो विकून बाहेर पडतो. दोन्ही एकदम झालं की घर जातं.

आणि नोकरकपात एका जागी एकवटली की दोन्ही एकदमच होतं. एका कंपनीवर किंवा एका धंद्यावर उभं असलेलं शहर धोक्याचं असतं ते यासाठी. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेटी यांनी अमेरिकन शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं की कारखान्यातली एक नोकरी वाढली की त्या शहरात दुकानं, दवाखाने, केशकर्तनालयं, दुरुस्तीची कामं यांत मिळून साधारण दीड नोकरी आणखी तयार होते. उलट दिशेलाही ही साखळी चालते. कारखान्याने नारळ दिला एकाला, पण गाड्याबरोबर नळ्याची यात्रा होतेच.

सिएटल शहराने हे १९७० च्या सुमारास अनुभवलं. बोइंग या विमानं बनवणाऱ्या कंपनीत, एकट्या सिएटल परिसरात, १९६८ च्या आसपास एक लाखाच्या घरात माणसं होती. १९७१ पर्यंत ती ४० हजारांच्या खाली आली. त्या वर्षी एप्रिलमध्ये विमानतळाजवळ एक फलक लागला: सिएटल सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत. हा फलक लावणारे दोघं होते घरांच्या खरेदी-विक्रीतले एजंट. त्यांनी तो थट्टेने लावला होता. सौदे बसलेल्या धंद्यातल्या माणसांनाच ही थट्टा सुचावी, यात नवल नाही.

ह्यूस्टन हे अमेरिकन शहर तेलाच्या धंद्यावर उभं, त्याचं दुखणं तेलाचं. १९८२ ते १९८७ या काळात तिथल्या दोन लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या. १९८६ मध्ये तेलाचा भाव निम्म्याहून खाली आला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तेजीत बांधायला घेतलेली घरं नेमकी माणसं शहर सोडून जात असताना तयार होत होती. घर बांधायला वर्ष-दोन वर्षं लागतात, त्यामुळे बिल्डरचा अंदाज नेहमी मागच्या तेजीचा असतो.

अशा वेळी लिलावात निघालेली घरं आसपासच्यांनाही खाली ओढतात. मॅसॅच्युसेट्समधल्या विक्रींच्या एका अभ्यासात जप्त झालेली घरं सरासरी २७ टक्के कमी किमतीला गेल्याचं दिसलं, आणि अगदी लगतच्या घरांच्या किमतीवरही थोडा परिणाम होता. एका घराचा परिणाम टक्काभरच, पण एका गल्लीत अशी पाच-सहा घरं झाली की सुक्याबरोबर ओलंही जळतं. ज्याने एकही हप्ता चुकवला नाही त्याचंही घर कर्जापेक्षा स्वस्त होऊन बसतं.

घर बँकेला देऊन टाकलं की सुटका होते, असाही एक समज आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत राहतं घर घ्यायला काढलेल्या कर्जापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. बहुतेक देशांत मात्र घर गेलं तरी उरलेली रक्कम माणसाच्या मागे लागते. स्पेनमध्ये २०१३ च्या सुरुवातीला बेरोजगारी २६ टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा हजारो कुटुंबांनी घरही गमावलं आणि कर्जही डोक्यावर ठेवलं. घराची चावी दिली की कर्ज मिटवा, ही तिथल्या आंदोलनाची मुख्य मागणी होती.

या सगळ्यात भाडेकरूंचं काय होतं याची चर्चा कमी होते, कारण त्यांच्या अडचणीची नोंद कुठल्या बँकेत होत नाही. त्यांच्याकडे दीड-दोन वर्षांचा कालावधीही नसतो. दोन-तीन महिन्यांचं भाडं थकलं की घर सोडावं लागतं. मग दोन कुटुंबं एका घरात राहतात, मित्र एकत्र खोली घेतात, मोठी झालेली मुलं आईवडिलांकडे परततात. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत १८ ते २९ वयाच्या तरुणांपैकी ५२ टक्के पालकांच्या घरी राहत होते. माणसं तेवढीच, पण लागणारी घरं कमी. तरीही भाडी म्हणावी तशी उतरत नाहीत, कारण घर गमावलेले आणि घर घ्यायला घाबरलेले असे दोघंही भाड्याच्याच रांगेत येऊन उभे राहतात. अमेरिकेत स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण २००४ मध्ये ६९ टक्क्यांच्या वर होतं, ते २०१६ मध्ये ६३ टक्क्यांच्या खाली आलं. मधली सगळी भाडेकरू झाली.

घर हलत नाही

माणूस दुसऱ्या शहरात जाऊ शकतो, घर जाऊ शकत नाही. शहर वाढताना घरं भराभर बांधली जातात. शहर आक्रसताना ती पाडली जात नाहीत. माणसं कमी आणि घरं तेवढीच, मग भाव बांधकामाच्या खर्चाच्याही खाली जातात. तिथे नवीन कुणी बांधत नाही, जुन्याची डागडुजी करणं परवडत नाही.

ओहायो राज्यातलं यंग्सटाउन पोलादाचं शहर होतं. १९ सप्टेंबर १९७७ रोजी तिथल्या एका मोठ्या कारखान्याने बंदची घोषणा केली आणि सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या. तो दिवस तिथे 'काळा सोमवार' म्हणून ओळखला जातो. १९३० मध्ये १ लाख ७० हजार वस्ती असलेल्या त्या शहरात २०२० मध्ये ६० हजार उरले. डेट्रॉइट १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं होतं, २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली. अशा ठिकाणी घर मातीमोल भावाने मिळतं, पण त्याला स्वस्त घर म्हणणं अवघड आहे. शहराच्या उत्पन्नात मालमत्ता कराचा मोठा वाटा असतो. घरांची किंमत घटली की कर घटतो, आणि रस्ते, पाण्याच्या नळ्या, शाळा, अग्निशमन हा पसारा मात्र जुन्या लोकसंख्येचा असतो. तो सांभाळायला उरलेल्यांवर कर वाढवावा लागतो, त्याला कंटाळून आणखी काही निघून जातात. डेट्रॉइटने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली ती या चक्राच्या शेवटी.

हप्ता थांबला तर

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बेरोजगारी १० टक्के होती आणि घरांचा बाजार कोसळलेला होता. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी जवळपास १५ टक्क्यांवर गेली, आणि त्या वर्षअखेर घरांचे भाव सुमारे १० टक्क्यांनी वाढलेले होते. जास्त नोकऱ्या गेल्या तेव्हा घरं वाचली, हे सुरुवातीच्या गणितात कसं बसवायचं?

एक तर २००८ च्या वेळी क्रमच उलटा होता. भाव २००६ पासून घसरत होते आणि कर्जं आधीच भाराभर वाटलेली होती. घरं बांधणंच थांबल्याने त्या धंद्यातले कामगार घरी बसले. २००५ मध्ये अमेरिकेत वीस लाखांवर घरांचं काम सुरू झालं होतं, २००९ मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास. तिथे घरांनी नोकऱ्या खाल्ल्या. पण माझ्या मते दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. २०२० मध्ये घरातली रोकड आटू दिली नाही. बेरोजगार भत्त्यात काही महिने आठवड्याला ६०० डॉलरची भर पडली, व्याजदर शून्याजवळ आणले, आणि सरकारी पाठबळ असलेल्या गृहकर्जांचे हप्ते सहा महिने, लागल्यास आणखी सहा महिने, थांबवायची मुभा मिळाली. घर विकायची पाळीच आली नाही, मग भाव पडणार कसे?

आपल्या काल्पनिक कुटुंबाकडे परत जाऊ. येणारे ४०, घरखर्च ३५, हप्ता ३५, तूट ३०. हप्ता थांबला तर? येणारे ४०, जाणारे ३५. तूट संपली, वर ५ उरतात आणि हाताशी असलेल्या १८० ला हात लावावा लागत नाही.

पण थांबलेल्या हप्त्याचं व्याज थांबत नाही, आणि हा भाग बँकेच्या पत्रात बारीक अक्षरात असतो. ४००० चं कर्ज, व्याज साधारण ८.६ टक्के, हप्ता ३५. अशा कर्जाला फिटायला अजून वीस वर्षं असतात आणि दर महिन्याच्या ३५ पैकी सुरुवातीला २८ हून जास्त नुसतं व्याजातच जातात. सहा महिने काही भरलं नाही तर ते व्याज मुद्दलात मिळून कर्ज ४१७५ च्या आसपास जातं. हप्ता पूर्वीचाच ठेवला तर हे कर्ज आधीच्या तारखेपेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिरा फिटतं. सवलत सहा महिन्यांची, भरपाई सदतीस महिन्यांची. कर्ज फिटत आलेलं असेल तर हाच फरक फार थोडा पडतो, कारण तेव्हा हप्त्यातला मोठा भाग मुद्दलाचा असतो.

भारतात मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने हीच मुभा दिली होती. दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं व्याजावरचं व्याज नंतर सरकारने सोसलं, मूळ व्याज मात्र कर्जदाराचंच राहिलं. ज्याचा पगार बंद झाला होता त्याने ती घेतली ते योग्यच केलं. घर हातचं जाण्यापेक्षा तीन वर्षं जास्त हप्ते परवडतात. पगार चालू असताना 'मिळतेय तर घेऊ' म्हणून ज्यांनी घेतली, त्यांना ती महागात पडली. मधला एक मार्गही विचारून बघण्यासारखा असतो: पूर्ण हप्ता नाही, पण त्यातलं व्याज तेवढं भरत राहायचं. मग मुद्दल वाढत नाही आणि सहा महिन्यांचं थांबणं सहा महिन्यांवरच राहतं. आपल्या कुटुंबाला त्यासाठी महिन्याला २९ लागतील, हाती उरतात ५, म्हणजे १८० मधून दरमहा २४ काढावे लागणार. ते साडेसात महिने पुरतील. कुठला मार्ग घ्यायचा ते पुढची नोकरी कधी मिळेल या अंदाजावर ठरतं. पण बँकेत जाऊन हे बोलायचं ते पहिला हप्ता चुकायच्या आधी. तोवर कर्जाची नोंद स्वच्छ असते आणि मुदत वाढवणं, हप्ता कमी करणं असे पर्याय समोर ठेवले जातात. नव्वद दिवस उलटले की फाइल वसुली विभागाकडे जाते, आणि तिथल्या माणसाचं काम थकलेले पैसे आणणं एवढंच असतं.